अकराशे पन्नास ग्रॅमची बाणाई

मी एकोणतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली बरीचशी नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. किती बाळं हाताखालून गेली ते सांगता यायचं नाही. बहुतेकांची नावंही मला माहीत नाहीत, कारण आमच्या वॉर्डात बाळाला नाव नसतंच, त्याच्या पायाच्या पट्टीवर आईचं नाव असतं. बाणाईची गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यात माझी एक चूकही आहे, म्हणून ती जास्त लक्षात राहिली असेल.

साल दोन हजार सहा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पाचोडकडून एक जीप आली. तिच्यात सुगंधाबाई नावाची विशीतली बाई होती, सातवा महिना सरत आलेला, आणि तिला झटके येत होते. रक्तदाब एवढा चढला होता की बाळ बाहेर काढल्याशिवाय बाई वाचली नसती. म्हणून काढलं. मुलगी. वजन अकराशे पन्नास ग्रॅम. संक्रांतीच्या सुमाराला येणारी पोर अडीच महिने आधी आली.

सुगंधाबाई दोन दिवस शुद्धीवर नव्हती. बाळ आमच्याकडं काचेच्या पेटीत. बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा सोनाजी आणि सासू सखूबाई बसून होते. घर धनगराचं. सोनाजी सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. तीन दिवसांत त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, "हाय का?" मी म्हणायची, "आहे." तो परत जाऊन बसायचा.

सखूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची, "सातमाशी हाय, जगती. आठमाशी असती तर नसती जगली." असं काही नसतं, उलट जितके दिवस पोटात तितकं चांगलं, हे मी तिला सांगितलं नाही. तिला त्यावरच धीर होता.

पाचव्या दिवशी बाळाचा श्वास जरा स्थिर झाला, तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "द्वारका, हिला अंगावर घ्यायला कुणी आहे का? आई अजून उठायची नाही."

त्या वेळी आमच्याकडं हे नुकतंच सुरू झालं होतं. बाळाला उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून, तासनतास धरायचं. ऊब मिळते, श्वास नीट चालतो, दूध पचतं. मी आधी सखूबाईला विचारलं. ती मागं सरली. "माजे हात कापत्यात बाई. माज्या हातून काय झालं म्हंजी?"

मग सोनाजीकडं बघितलं. तो म्हणाला, "माझ्या अंगाला मेंढराचा वास येतो."

"साबणानं आंघोळ करा. नखं काढा. मग या."

तो तासाभरानं आला. केस ओले, अंग घासून घासून लाल झालेलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि बाळाला त्याच्या छातीवर उभं ठेवून वरून पंचा बांधला. पोरीचं डोकं एका मोसंबीएवढं होतं. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि नंतर दोन तास समोरच्या भिंतीवरची नजर हलवली नाही. मला वाटलं घाबरलाय. मी म्हणाले, "सोनाजी, सैल बसा."

"व्हय," तो म्हणाला. पण सैल काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन नखं दाखवत आला. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या बाळाला औषध देत होते, तेव्हा मशीन वाजायला लागलं. ही पोर श्वास घ्यायची विसरली होती. इतक्या लवकर आलेली बाळं विसरतात कधीकधी. मी धावत गेले, तर सोनाजीनं आधीच तिच्या तळपायाला टिचकी मारली होती आणि पाठीवरून बोट वरखाली फिरवत होता. पोर ताडकन हलली.

"कुणी शिकवलं?"

"कोकराला असंच करतो आमी," तो म्हणाला.

एकोणीस दिवस तो रोज सहा-सहा तास बसला. बाकीच्या बाळांचे बाप काचेतून बघायचे, कुणी हसायचेही. मी त्यांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, "असा बाप पाहिजे. हिला यानंच वाचवलंय." डॉक्टर मॅडमही म्हणायच्या. दुसऱ्या विभागातून शिकाऊ मुली त्याला बघायला यायच्या. तो मान खाली घालायचा, पण त्याला ते आवडत होतं, हे मला दिसत होतं. दहाव्या दिवसापासून सुगंधाबाई खाटेवर उठून बसायला लागली. मी तिला दूध पिळून वाटीत काढायला शिकवलं. पहिल्यांदा दोन चमचेसुद्धा निघालं नाही, ती रडली. मग हळूहळू येऊ लागलं. सोनाजी ती वाटी झाकून आमच्या वॉर्डात आणायचा. सुगंधाबाईनं लेक पहिल्यांदा अंगावर घेतली ती पंधराव्या दिवशी. पोर चुळबुळ करायला लागली. मी सोनाजीकडं दिली, तर गप्प झाली. सुगंधाबाईनं पदर सारखा केला.

एका महिन्यानं डोळे तपासले. लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्याचा मागचा पडदा पुरा वाढलेला नसतो, त्यात वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात, आणि वेळेत बघितलं नाही तर बाळ आंधळं होतं. हिच्या दोन्ही डोळ्यांत निघालं. लेसर केलं. नजर वाचली, पण डॉक्टरांनी सांगितलं की पुढं चष्मा लागेल, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.

घरी सोडताना वजन होतं सोळाशे चाळीस. मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. दूध आईचंच द्यायचं. महिन्याला आणून दाखवायचं. आणि हिचं वय जन्मापासून मोजायचं नाही, संक्रांतीपासून मोजायचं. शेजारची पोरगी बसली, आपली का बसत नाही, असा घोर लावून घ्यायचा नाही.

"अजून एक," मी म्हणाले. "हिच्याशी बोलत राहायचं. दिवसभर."

सोनाजीला याचंच नवल वाटलं. "तिला काय कळतंय?"

"आज नाही कळणार. पण ऐकलं नाही तर पुढंही कळणार नाही."

"काय बोलायचं पन?"

"दिसेल ते सांगायचं."

सोनाजीचा भाऊ भिकन मेंढरं घेऊन थांबला होता. दरवर्षी दिवाळी झाली की ते कळप घेऊन निघायचे, रानोरान, आज या शेतात मेंढरं बसव, उद्या त्या शेतात, ते थेट पाऊस तोंडावर आला की घरी. सगळं बिऱ्हाड घोड्यावर. आता लेकराला महिन्याला शहरात दाखवायचं तर ते कसं जमणार? सुगंधाबाईनं मला नंतर सांगितलं, घरात चार दिवस वाद झाला. भिकन म्हणाला, बाया-पोरी घरी राहू द्या, तू चल. सखूबाई म्हणाली, जगायची असंल तर रानातबी जगंल. सोनाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी नाय येत."

पाचोडजवळ काकासाहेब नावाच्या एका शेतकऱ्याची मोसंबीची बाग होती. तिथं राखणीला माणूस पाहिजे होता. बागेतच एक खोली. सोनाजीनं पाच मेंढ्या ठेवून घेतल्या, बाकीचा कळप भिकनच्या हवाली केला आणि तिथं राहायला गेला. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी न राहिलेल्या घरातला माणूस कुंपणाच्या आत राहायला लागला. पहिल्या वर्षी त्याला झोप यायची नाही, खोलीत गुदमरतं म्हणायचा. बाहेर बाज टाकून पडायचा. पण दर महिन्याला एसटीनं लेकीला घेऊन आला. एकही तारीख चुकवली नाही.

लेकीचं नाव ठेवलं बाणाई.

माझी बदली तोवर अशा मुलांच्या पुढच्या तपासणीच्या खोलीत झाली होती. बाणाईचे पाय नीट नाहीत, हे आम्हाला ती संक्रांतीच्या हिशोबानं आठ महिन्यांची असताना कळलं. उभी धरली की टाचा टेकायच्या नाहीत, गुडघे एकमेकांत अडकायचे. लवकर जन्मलेल्या काही मुलांत मेंदूच्या आतल्या भागाला इजा होते, त्याची ही खूण असते. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं की हे पुरं जाणार नाही, पण व्यायामानं पुष्कळ फरक पडेल. मग महिन्याच्या ऐवजी पंधरा दिवसांनी येणं सुरू झालं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम पाय कसे ताणायचे ते दाखवायच्या, सोनाजी मन लावून बघायचा. घरी रोज तीन वेळा करायचा.

आणि बोलणं तर विचारू नका. हा मुखदुर्बळ माणूस तिला छातीशी धरून बागेत फिरायचा आणि दिसेल ते सांगायचा. ही ठिबकची नळी. ही फुटली. हा मुंगसाचा माग. ही तांबडी मेंढी, हिचा पाय मागच्या साली मोडला हुता, मी बांधला. दोन वर्षांची झाली तेव्हा बाणाई एवढं बोलायची की एसटीतले लोक मागं वळून बघायचे. "काकी, हे बोचकं तुजं हाय का? वर ठिव ना." चालत मात्र नव्हती. धरून उभी राहायची, चार पावलं सरकायची, आणि दोन्ही हात वर करायची. की सोनाजी उचलायचाच.

तिसरं वर्ष गेलं. शहरात औरंगपुऱ्यातल्या दुकानातून चष्मा आणला, जाड भिंगांचा, मागं इलॅस्टिकची पट्टी लावलेला. चौथं सरत आलं. बाणाई अजून बापाच्या कडेवर.

त्या वर्षी व्यायामाच्या मॅडम बदलून नव्या आल्या होत्या. त्यांनी बाणाईला अर्धा तास तपासलं. मग तिला धरायच्या दांड्यापाशी उभं केलं, सहा पावलांवर चेंडू ठेवला आणि म्हणाल्या, "घेऊन ये बरं."

बाणाईनं चेंडूकडं बघितलं, मग सोनाजीकडं, आणि हात वर केले. सोनाजीनं तिला उचललं, चेंडूपाशी नेलं, चेंडू तिच्या हातात दिला, आणि दोघंही मॅडमकडं बघून हसले.

मॅडम हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, हिचे पाय ताठर आहेत, पण दीड-दोन वर्षांपूर्वीच चालायला हवी होती. ताकद आहे. हिला चालायची गरजच पडलेली नाही. तुमची ओळख आहे, तुम्ही सांगा."

मी त्याला बाहेर बाकावर बसवलं. कसं सांगावं कळेना. शेवटी सरळ सांगितलं. "सोनाजी, आता हिला उचलायचं नाही. काही झालं तरी."

तो म्हणाला, "तुमीच तर म्हनल्या हुत्या, हिला उचलूनच वाचवलंय म्हनून."

"म्हणाले होते."

"मग?"

उचलायला मी शिकवलं होतं, चार लोकांत त्याचं कौतुक केलं होतं, पण कधी थांबायचं ते सांगायची वेळ आली तेव्हा मी तपासणीच्या कागदावर वजन आणि उंची लिहीत बसले होते. दर पंधरा दिवसांनी त्याच्या कडेवर तिला बघत होते आणि मनात म्हणत होते, किती जीव लावतो. मी त्याला म्हणाले, "तेव्हा ते बरोबर होतं. आता हे बरोबर आहे. मध्ये सांगायचं माझ्याकडून राहिलं."

तो उठला, लेकीला उचलून घेतलं आणि एसटी स्टँडकडं गेला.

पुढचं मला सुगंधाबाईकडून कळलं. ती एक दिवस एकटी आली, बाणाईला घेऊन. त्याआधी ती कधी एकटी एसटीत बसली नव्हती. बाणाईच्या हनुवटीवर पट्टी होती, आत चार टाके.

"काय झालं?"

"पडली. मीच पाडली म्हना."

झालं असं होतं. सोनाजी परत गेल्यावर त्यानं घरी काही सांगितलंच नाही. बाणाईनं सांगितलं. "आये, ती सिस्टर म्हनली, आबानं मला उचलायचं नाय." सुगंधाबाईनं रात्रभर विचार केला. सकाळी सोनाजी बागेच्या पार टोकाला पाणी सोडायला गेला, तेव्हा तिनं बाणाईच्या हातात रिकामा तांब्या दिला आणि म्हणाली, "हौदातून पानी आन." हौद खोलीपासून पंधरा-वीस पावलांवर. बाणाई म्हणाली, "आबा आल्यावर." सुगंधाबाई म्हणाली, "आबा नाय, तूच." पोर रडली, बसून राहिली. आईनं बघितलंच नाही. शेवटी तहान लागली तशी भिंतीला धरत, मग झाडाला धरत ती निघाली. हौदाच्या कट्ट्यापाशी पाय अडकला आणि हनुवटी दगडावर आपटली.

"त्यानं मला मारलं नाय," सुगंधाबाई म्हणाली. "शिवीबी दिली नाय. नुस्तं म्हनला, तू हिला पंधरा दिवस हात लावला नव्हता, तुला काय ठावं. तवापासून तीन दिस माझ्या हातचं खाल्लं नाय. बाहेर चूल मांडून खातो."

मला आठवलं, ती बेशुद्ध होती, मग ताप, मग अशक्तपणा. त्या पंधरा दिवसांचा हिशोब तिच्याही मनात होता, हे मला तोवर कळलं नव्हतं.

"सिस्टर, मी तिला पोटात धरली, तीबी पुरी नाय धरता आली. मग वाटीत दूध दिलं. बाकी सगळं त्यानं केलं. मला वाटलं, येवढं तरी आपन करावं. माजं चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं नाही. कट्ट्यापाशी पोतं टाक फक्त."

ती हसली आणि मग तिला रडू आलं. बाणाई तिच्याकडं बघत होती. म्हणाली, "आये, दुकतंय मला, तुला न्हाई."

त्या रविवारी सुट्टी होती. मी पाचोडची गाडी धरली. माझं माहेर पैठणकडचं, तो रस्ता मला नवा नव्हता, पण बागेत पहिल्यांदाच जात होते. फाटकापाशी पोचले तर कुणाचं लक्ष नव्हतं. सुगंधाबाई खोलीच्या दारात सुपात बाजरी पाखडत बसली होती. हौदाच्या कट्ट्याभोवती पोती अंथरली होती. मोसंबीच्या दोन ओळींच्या मधून बाणाई चालली होती. एका झाडाचा बुंधा सोडायचा, दोन पावलं टाकायची, दुसरा धरायचा. टाचा वर, गुडघे आत, हातात तांब्या. आणि सोनाजी विहिरीच्या मोटारीच्या खांबाला धरून, तिच्याकडं पाठ करून उभा होता.

म्हणजे त्याचं ठरलं होतं. मी काही बोलायची गरज नव्हती, पण आता मागंही जाता येत नव्हतं. मी फाटकातच थांबले.

बाणाई पाचव्या झाडापाशी पडली. तांब्या गडगडत गेला. तिनं आधी आजूबाजूला बघितलं आणि मग हंबरडा फोडला. "आबा."

सोनाजी हलला नाही. खांबावरची त्याची बोटं पांढरी पडलेली मला तिथून दिसत होती. सुगंधाबाईचं सूप थांबलं, पण ती उठली नाही.

"आबा, मी पडले ना."

तो पाठमोराच म्हणाला, "व्हय. ऐकलं मी."

"ये ना."

"नाय येत."

"का?"

मग खूप वेळ ती रडत राहिली. मध्येच थांबायची, कुणी येतंय का बघायची, परत सुरू करायची. एक मेंढी येऊन तिला हुंगून गेली. हळूहळू रडणं कमी झालं. तिनं झाडाचा बुंधा धरला, एक गुडघा टेकला, घसरली, परत टेकला. उभी राहिली तेव्हा चष्मा एका कानावर लोंबत होता. तांब्या काही उचलता आला नाही, तो पायानं ढकलत ढकलत आईपर्यंत आणला. पाऊण तास तरी गेला असेल. आईजवळ पोचल्यावर म्हणाली, "पानी सांडलं." सुगंधाबाई म्हणाली, "सांडू दे."

मग सोनाजी वळला आणि त्याला मी दिसले. तो माझ्याकडं आला. डोळे लाल होते. म्हणाला, "आज तिसरा दिस हाय. तुमाला वाटतं का हे बरं हाय म्हनून?"

"वाटतं."

"कोकरू जगलं की कळपात सोडतो आमी. दोन-चार दिसांत सोडतो. हिला सोडाया लई येळ लावला मी." मग म्हणाला, "चा करायला लावतो." आणि खोलीकडं बघत म्हणाला, "सुगंधा, द्वारकाबाई आल्यात. दोन कप जास्त कर. मीबी घेतो."

बाणाई साडेचार वर्षांची असताना काही न धरता चालली. वाकडी, डुलत, पण चालली. सखूबाईनं वस्तीवर पेढे वाटले. तिच्या मते सातमाशी लेकरं उशिरा चालतातच.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. पण शाळेत वेगळंच पुढं आलं. बाणाई दुसरीत असताना सोनाजी माझ्याकडं आला. शाळेतल्या रामकिसन गुरुजींनी सांगितलं होतं की पोरगी मंद आहे. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, बेरीज येत नाही, जागेवर स्थिर बसत नाही. हिला वेगळ्या शाळेत घाला.

"मंद?" सोनाजी म्हणाला. "गावातल्या समद्या मानसाची नावं, त्यांच्या बैलांची नावं तिला पाठ हायती."

आम्ही तपासलं. चष्म्याचा नंबर वाढला होता. शाळेत सगळी मुलं सतरंजीवर मांडी घालून बसायची, ती हिच्या पायांना जमायची नाही, म्हणून गुरुजींनी दयेनं तिला मागं भिंतीला टेकून बसवलं होतं. तिथून फळा दिसत नव्हता. पाय अवघडले की ती चुळबुळ करायची. बोटांत जोर कमी, म्हणून लिहायला वेळ लागायचा. निम्मं लिहून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. आणि आकड्यांचं मात्र खरंच कठीण होतं. लवकर जन्मलेल्या पुष्कळ मुलांना गणित जड जातं, हे डॉक्टर मॅडमनी सोनाजीला नीट सांगितलं. ते चष्म्यानं जाणार नव्हतं.

मी गुरुजींना चिठ्ठी लिहिली. पुढं बसवा, खाली न बसवता बुटक्या स्टुलावर बसवा, लिहायला जास्त वेळ द्या, बेरजा चिंचोके मांडून शिकवा. मला भीती होती की ते रागावतील. पण पुढच्या खेपेला सोनाजी सांगत आला की त्यांनी घरून स्टूल आणलं. आणि म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी रोज तिला ओरडत होतो." ते तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून गणित घ्यायला लागले. चौथीपर्यंत घेतलं.

दहा वर्षांची झाली तेव्हा तिची सगळी मोठी तपासणी झाली. डॉक्टर मॅडमनी आधी आईबापाला खूप प्रश्न विचारले. आई किती शिकली? शाळेत गेली नाही. घरात पुस्तकं? नाहीत. खेळणी? सोनाजी विचारात पडला, म्हणाला, "मेंढी खेळनं म्हनून चालती का?" मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि बाणाईला विचारलं, "तुला काय अवघड जातं?"

तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिनं चष्मा पुसला. "गणित. आन्‌ पळायचा खेळ. आन्‌ बाईंनी दोन गोष्टी सोबत सांगितल्या की पहिली इसरते." मग म्हणाली, "आन्‌ लोकं आबाला इचारत्यात, हिला काय झालंय. मी हितंच असते. मला इचारावं."

वाचन, बोलणं, समजणं वयाच्या बरोबरीनं निघालं, थोडं पुढंच. गणित दोन वर्षं मागं. चाल तशीच राहणार होती. सोनाजीनं विचारलं, "मॅडम, पुरी बरी कवा व्हईल?" मॅडम म्हणाल्या, "ती आजारी नाही. तिला काही गोष्टींना मदत लागेल, ती मागायला शिकवा." सुगंधाबाई म्हणाली, "ती मागती. लईच मागती."

मी त्यानंतर निवृत्त झाले. बाणाई दहावीला गणितात नापास झाली, पुरवणी परीक्षेत सुटली. बारावी पाचोडला केली. मागच्या वर्षी तिनं शहरातल्या कॉलेजात नाव घातलं आणि मुलींच्या वसतिगृहात राहायचं ठरवलं. सोनाजी आठ दिवस बोलला नाही म्हणे; मग जाऊन तिच्यासाठी पत्र्याची पेटी घेऊन आला.

ज्या दिवशी ती माझ्या घरी येणार होती, त्या दिवशी मी फोन केला. "स्टँडवर घ्यायला येऊ का?"

"नका येऊ, मावशी. पत्ता पाठवा. रिक्षानं येते."

दहाला येणारी पोर साडेअकरापर्यंत आली नाही. मी चार वेळा दारात गेले. फोन लागत नव्हता. सोनाजीला कळवावं का, या विचारात होते, तेवढ्यात फाटक वाजलं. घामाघूम, ओढणी एका खांद्यावर, एक चप्पल तुटलेली.

"कुठं होतीस?"

"चुकीच्या रिक्षात बसले. त्यानं औरंगपुऱ्यात नेऊन सोडलं. मग एकाला विचारलं, त्यानं दुसरीकडंच पाठवलं. फोनची बॅटरी संपली. मग एका चपलेच्या दुकानात बसले, त्या काकांनी पाणी दिलं, त्यांची सून आपल्या पाचोडचीच निघाली." तिनं खुर्चीत अंग टाकलं आणि दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर घेतले. पोटऱ्या आखडल्या होत्या, ती स्वतःच त्या दाबत होती. "थांबा, असं नाय कळायचं. पहिल्यापासून सांगते. चहा ठेवा आधी."

मी चहा ठेवायला आत गेले. ती बाहेरून सांगतच होती.